ओस्मोनचं पालुपद

...तर ओस्मोननं त्या बाईची वही मिटलीच. ही आयझादा, आमच्या शाळेत नवीन आलेली गाण्याची बाई. वसंताच्या सणाला मुलांसाठी गाणं रचायचं तिच्या मनात होतं, आणि लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं आमच्या खोऱ्यात एकट्या ओस्मोनचं. मी शेजारी, चहा ओरपत बसलेलो.

"कागदावर उतरवलं की जीभ आळशी होते," ओस्मोन म्हणाला. "ओळ एवढी आखूड ठेव, की घोड्यावर बसून एका दमात म्हणता यावी. पालुपद तीनदा. आणि त्यात नाव घाल. बिननावाचं गाणं म्हणजे खूण न केलेलं मेंढरू, कुणीही हाकून नेतं."

"कुणाचं नाव घालू, आजोबा?"

"मी माझं घातलं. लाज कसली?"

लाज त्याला कधीच नव्हती. चाळीस वर्षं झाली, 'दार उघड, ओस्मोन आला' म्हटल्याशिवाय आमच्याकडे लग्न उरकत नाही. माझा पुढचा दात त्याच गाण्यावर नाचताना पडला, पण तो किस्सा वेगळा.

"मग कडव्यांसकट म्हणा ना," आयझादा म्हणाली.

त्यानं कोमुझ मांडीवर घेतला, तारा छेडल्या, पालुपद तीनदा म्हटलं आणि थांबला. पुन्हा तीनदा म्हटलं. मग कोमुझ भिंतीला टेकवून ठेवला.

"कडवी गेली," तो म्हणाला. "दोन महिने शोधतोय."

ती कडवी त्याच्या बायकोवर, सालकिनवर रचलेली होती. ती शेवयांत दोनदा मीठ टाकायची, रडत रडत त्याचे बूट शिवायची, असं सगळं त्यांत होतं. गेल्या वर्षी बर्फ वितळताना सालकिन गेली. सणानंतर दहा दिवसांनी तिचं वर्षाचं जेवण होतं, आणि तिथं त्याला तीच म्हणायची होती.

मी आठवू लागलो. माझ्या तोंडून आलं, 'दार उघड, ओस्मोन आला.' मग आम्ही तिघं गावभर फिरलो. सुईणीला विचारलं, धनगराला विचारलं, ट्रकवाल्याला विचारलं. जो तो हसून टाळी वाजवायचा आणि दार उघडायला लागायचा. खरं सांगू? कडवी चालू असताना आम्ही घोडीचं आंबवलेलं दूध पीत पालुपदाची वाट बघत असू.

तेव्हा मला त्याची सून आठवली, बुरुल.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नुसतं नाव नव्हे, नावासारखा शब्दसुद्धा नाही. भुवया काळ्या करायच्या पाल्याला आम्ही सगळे ओस्मो म्हणतो, बुरुल म्हणायची 'भुवईची पानं'. मग ती गाणार काय? पालुपद आलं की ओठ मिटायची आणि कडवी तेवढी गायची. दूध काढताना, लोकर विंचरताना, नुसती कडवी. सालकिन ऐकून हसायची. नवऱ्याचं नाव तीही घेत नव्हतीच.

बुरुल नवऱ्याबरोबर सहा वर्षांपूर्वी रशियात गेली, तिथं पावाच्या भट्टीत कामाला आहे. आयझादानं फोन लावून दिला. ओस्मोननं तो दोन्ही हातांनी धरला.

"बेटा, सासूची कडवी म्हण."

"आत्ता, मामंजी? पीठ लागलंय हाताला."

"आत्ताच."

तिनं सुरू केलं, 'मीठ एकदा, मीठ दोनदा'... आणि अडली. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथंच अडली. मागे भट्टीची घरघर ऐकू येत होती.

"नाही येत हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "पहिल्या वर्षी रोज म्हणायचे. मग इथल्या बायका हसायला लागल्या, म्हणून बंद केलं. आता फक्त ती ओळ आठवते... तुमची. ती मला म्हणता येत नाही."

"बरं," ओस्मोन म्हणाला. "थकू नकोस फार. जेवत जा."

त्यानं फोन आयझादाला परत दिला. ती बिचारी अवघडून वही उघडून बसलेली. शेवटी तिनंच विचारलं, "आजोबा, मग मी काय करू? लिहू की नको?"

ओस्मोन म्हणाला, "लिही, बाई. आधी कडवी लिही. पालुपद नाही लिहिलंस तरी चालेल, माणूस मेलं तरी ते लोकांच्या तोंडून सुटत नाही."