काचेवरचा लाल चेहरा

माझी मुलगी गेली तेव्हा तिचा एकही फोटो घरात नव्हता. हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतच राहतात, कारण हिंगणघाटात आमचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत कॅमेरा आणि रंगवलेला पडदा, मागच्या दोन खोल्यांत संसार. गिरणीतले बाबू, जिनिंगवाले शेठ, लग्नाच्या मुली, सगळे आमच्याकडे यायचे. आपल्या पोरीचा एक काढा ना, म्हटलं की हे म्हणायचे, "घरचीच तर आहे. कधीबी काढू." फोटोच्या काचेच्या प्लेटी महाग असायच्या आणि ती एका जागी उभी राहायची नाही, हेही खरं.

होळीच्या आधी तिला गोवर आला. पुरळ दबलं आणि छाती भरली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण उपयोग झाला नाही. तीन वर्षांचीही पुरती झाली नव्हती.

त्यानंतर हे स्टुडिओ उघडायचे, पण गिऱ्हाईक आलं की आत निघून जायचे. एका दुपारी एकदम उठले आणि टाकाऊ काचांची पेटी उपसायला लागले. माघात आम्ही केळझरच्या गणपतीला गेलो होतो. एका घरच्या नवसाचे फोटो काढायचे होते. परत निघताना एक प्लेट उरली होती. ऊन उतरलं होतं, पोर पायरीजवळ माझा पदर धरून उभी होती आणि यांनी सहज बटण दाबलं होतं. प्लेट धुतल्यावर कोरीच निघाली, म्हणून तेव्हा टाकून दिली होती.

यांनी ती काच खिडकीशी धरली. "पाह्य इकडं. आहे ती. फिक्की आहे, पण आहे."

मला धुरासारखं काहीतरी दिसलं, एवढंच.

हे नागपूरला ज्यांच्या हाताखाली शिकले, ते उस्ताद अशा फिक्या काचा युरेनियमच्या मिठानं गडद करायचे. ते मीठ आमच्याकडे तपकिरी बाटलीत होतं. हिरवट झाक असलेले पिवळे खडे. यांनी ते पाण्यात विरघळवलं, त्यात दुसरं एक लाल रसायन आणि थोडं ॲसिड घातलं. या कामाला अंधार लागत नाही, म्हणून मी भरदुपारी त्यांच्या शेजारी उभी होते. काच बशीत बुडवली आणि हे ती हळूहळू हलवत राहिले.

आधी पायरीची कड लाल झाली. मग तिचा झगा. मग विटकरी रंगात कपाळ, गाल, हनुवटी. निगेटिव्ह होतं, सगळं उलटं, तरी मी ओळखलं. तोंड किंचित उघडं होतं. काहीतरी बोलत असणार.

"आली," हे म्हणाले आणि बाहीनं डोळे पुसले. "आता हे रसायनाचं पिवळेपण गेलं पाहिजे. तवाच कागदावर साफ येईन."

हे काच घेऊन अंगणात गेले आणि त्यांनी ती पिंपाच्या तोटीखाली धरली. पाणी आमच्याच विहिरीचं होतं. कडांचं पिवळं निघेना, म्हणून हे धूतच राहिले. मी दारात उभी होते. बऱ्याच वेळानं त्यांचे हात थांबले.

"काय झालं जी?"

"काऊन जाऊन राह्यलं हे?" ते माझ्याशी बोलत नव्हते. "मी तर काहीच नाई केलं. नुसतं धुतलं."

धार काचेच्या मधोमध पडत होती. तिथला लाल रंग निघून गेला होता आणि त्याच्यासोबत चेहराही. यांनी ती पुन्हा रसायनात बुडवली, पण तिथं आता काही धरेना. काठाला तिचा हात तेवढा उरला, पदर मुठीत धरलेला. यांनी त्याचाच फोटो छापला. मी तो ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला.

पुढं वर्ध्याच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक फोटो काढून घ्यायला आले, तेव्हा यांनी त्यांना तो लाल रंग का गेला ते विचारलं. त्यांना वाटलं धंद्यातली शंका आहे. ते आनंदानं सांगायला लागले. "युरेनियमचं ते लाल संयुग आम्लात टिकतं, क्षारात विरघळतं. तुमच्या उस्तादांकडे नळाचं गोडं पाणी असेल. इथल्या विहिरींना क्षार फार. पाण्यात थोडा व्हिनेगर टाकला असता तरी रंग राहिला असता. काही महत्त्वाचं होतं का?"

"नाई जी," हे म्हणाले. "अशीच एक जुनी काच."

प्राध्यापक गेल्यावर हे पडद्यासमोरच्या खुर्चीत बसले, जिथं गिऱ्हाईक बसतं. मी चहा आणून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

मग आम्हाला मुलगा झाला. त्याचे फोटो हे दर महिन्याला काढायचे, भिंत भरून गेली. तो शाळेत जायला लागल्यावर त्यानं एकदा जेवताना विचारलं, "बाबा, ताई कशी दिसे?"

"गोल तोंडाची," हे म्हणाले.

त्याच वेळी मी म्हणाले, "लांबट चेहरा होता."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोण चुकत होतं, ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. मुलगा दोघांच्या तोंडाकडे बघत होता. यांनी खाली बघून भाकरी कुस्करली आणि मी त्यांच्या ताटात वरण वाढलं.