गाठ नसलेला फोटो

तिला सगळं रुग्णालय वहिनीच म्हणायचं. तिची नणंद समोरच्या गल्लीत शिवणकाम करायची आणि दिवसभरात कितीदा तरी "वहिनी, वहिनी" करत तळमजल्यावरच्या एक्स-रे विभागात टपकायची, म्हणून.

वहिनी स्तनांचे एक्स-रे काढायची. घाबरून आलेल्या बाईला म्हणायची, "जरा चिमटा बसेल, सासूच्या बोलण्याइतका." बाई हसून सैल व्हायची आणि काम सोपं व्हायचं.

मग तिथे नवा प्रोग्रॅम आला. लाखो बायकांचे जुने फोटो आणि पुढे त्यांचं काय झालं, यावरून तो शिकला होता. गाठ शोधणं त्याचं काम नव्हतं. पुढच्या काही वर्षांत कर्करोगाचा धोका कुणाला जास्त, हे तो सांगायचा आणि ज्या जागेवरून तसं वाटलं तिथे लाल छटा उमटवायचा.

वहिनीने हौसेने पहिल्यांदा नणंदेलाच उभं केलं. फोटो स्वच्छ आला. तरी डाव्या काखेजवळ लाल डाग उमटला.

फोटो तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो मोठा करकरून पाहिला. "इथे काहीच नाही."

"मग याला काय दिसलं?"

"ते मलाही कळत नाही. पण धोका जास्त सांगतोय. अधूनमधून बोलवत राहू."

नणंदेने ते हसण्यावारी नेलं. वहिनीला मात्र जमेना. नणंद जेवत असो की सुईत दोरा ओवत असो, हिची नजर त्याच जागी.

"तिथे काही चिकटलंय का गं, वहिनी?"

वहिनी मान फिरवायची.

पुढच्या खेपेला फोटो तसाच स्वच्छ, पण डाग गडद. त्यापुढच्या खेपेला आणखी गडद. "काही नाही" म्हणताना आता डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला होता. त्यांनी एमआरआय करवला. डाग होता त्याच जागी इवलीशी गाठ निघाली.

इतक्या लवकर सापडल्यामुळे छोट्या ऑपरेशनवर आणि थोड्या रेडिएशनवर भागलं. नणंद पुन्हा शिलाई मशीनवर बसली.

एका दुपारी ती वहिनीकडे एक्स-रेच्या खोलीत आली. "माझा पहिला फोटो दाखव."

संगणकाच्या पडद्यावरच्या लाल डागावर तिने बोट ठेवलं. "म्हणजे मी इथे उभी राहून दात काढत होते, तेव्हाच हे ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं गं. अंदाज होता."

"कुणाचा?"

वहिनीने घरघरणाऱ्या संगणकाकडे बोट दाखवलं.

"आता तुझा काढ," नणंद म्हणाली.

इतके दिवस वहिनीने टाळलं होतं. शेवटी तिच्यासोबत काम करणाऱ्या जोडीदारणीने तिला उभं केलं. धोका कमी निघाला. सगळा फोटो राखाडी, लाल कुठेच नाही. नणंदेने तिला घट्ट मिठी मारली.

वहिनी मात्र पडद्यासमोरून हलेना. फोटो मोठा करून ती एकेक कोपरा न्याहाळू लागली.

"अगं, नाही म्हणालाय ना तो!"

"आज नाही म्हणालाय."

नणंदेने पडदा बंद केला. काळ्या काचेत दोघी दिसल्या. वहिनीचा हात काखेजवळ गेला होता. नणंदेने तो धरून खाली घेतला आणि तसाच हातात ठेवून तिला दाराकडे नेलं.