ओटी कुणी भरायची

भिंत बुडातून सुटली तेव्हा सासूबाई माळ्यावर होत्या आणि मी काहिलीत बसले होते. मांडीवर जावेचं पाचवीही न पुजलेलं पोर, शेजारी जाऊ. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती मोठी लोखंडी कढई. पुरात तीच आमची नाव. पोहणारे गडी कड धरून ढकलतात आणि ती गरगर फिरते. दर फेऱ्याला आमचं घर समोर यायचं. एका फेऱ्यात भिंतीखालून मातीचा लोंढा निघालेला दिसला.

ही वेळ यायचं कारण नव्हतं. पाणी सकाळीच मारुतीच्या पायरीला लागलं होतं. आमच्या गावची रीत अशी, की पायरीला पाणी लागलं की मानाच्या बाईनं कृष्णामाईची ओटी भरायची आणि मगच गावानं घरं सोडायची. ओटी न भरता पाठ दाखवली तर नदी मागं लागते, असं म्हणत. एरवी हे काम घटकाभराचं, आणि मान पाटलिणीचा. पण त्या वर्षी गावात पंचायत झाली होती. पहिल्यांदाच निवडून आलेला सरपंच होता, आणि त्याची बायको खण-नारळ घेऊन आधीच पायरीवर उभी होती.

"आवं, ह्यो मान माझ्या सासूच्या सासूपासनं हाय," पाटलीण म्हणाली.

"आसंल. आता गावानं आमच्या मालकांस्नी निवडलंय. गावाचं बरंवाईट त्यांच्याकडं, तर ओटी बी आमच्याकडं."

"निवडलंय ते गटारं काढाया. नदी काय पंचायतीत बसती व्हय?"

लोक हसले. सरपंच तिथंच छत्री धरून उभा होता. माणूस वाईट नव्हता. दवंडी द्यायची, नावाड्याला पलीकडून बोलवायचं, खालच्या आळीतली म्हातारी माणसं आधी काढायची, हे त्याचं काम होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. पण बायकोला मागं घ्यावी तर पाटलापुढं मान खाली जाते, पुढं रेटावी तर पाटलाची भावकी उठते. म्हणून तो गप्प राहिला. पाटीलही गप्प. दुपार झाली. नावाड्यानं पाण्याची ओढ बघून पलीकडूनच हात हलवला आणि नाव काठावर ओढून घेतली.

आमचं घर खालच्या आळीत. घरचे दोन्ही गडी पलटणीत. मी घरी आले तर उंदीर तुळईवर रांगेनं बसलेले. मला बघूनही हलले नाहीत. ओटीची हकीकत सासूबाईंना सांगितली.

"ओटीसाठी नदी थांबलीया व्हय?" त्या म्हणाल्या. "ती बग, आपल्या पायानं न्हाणीत आली."

मोरीतून पाणी उलटं वर येत होतं.

शेवटी पाटलीण आणि सरपंचाची बायको, दोघींनी मिळून ओटी भरली. एकीनं खण घातला, दुसरीनं नारळ. हे सकाळीही जमलं असतं. मग सरपंचानं आपल्या गुऱ्हाळातली काहील काढली, सदरा उतरवला आणि दोन गडी घेऊन स्वतः पाण्यात उतरला. आमच्या दारात पोचला तेव्हा पाणी त्याच्या छातीला होतं.

"काकी, चौघं न्हाई मावत," त्यानं वर बघून सांगितलं. "तुमास्नी दुसऱ्या खेपंला न्हेतो."

"न्हे बाबा," सासूबाई माळ्यावरून म्हणाल्या. "पर दुसऱ्या खेपंचा मान कुनाचा, ते आदी इचारून ये."

त्यानं जावेला आणि मला काहिलीत बसवलं. पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि काहील ढकलली.

भिंत सुटलेली मी बघितली तशी त्यानंही बघितली. कड सोडून तो घराकडं परत पोहत गेला. गडी आम्हाला ढकलत राहिले. पुढच्या फेऱ्यात घर दिसलं नाही. नुसतं पाणी होतं, आणि त्यावर एक तुळई.

सरपंचाला लोकांनी दुसऱ्या दिवशी बाभळीवरून उतरवला. पुढच्या खेपेलाही गावानं त्यालाच निवडलं. जाऊ जगली, पोर जगलं, मी जगले. सासूबाई गेल्या.