मोहाखालची आग

मुलांसाठी मी एकच कादंबरी लिहिली. एकट्या पडलेल्या मुलाला जंगलात एक राज्य सापडतं, तिथली जनावरं त्याला स्वतःचं झाड देतात आणि तो त्यांच्यातला होतो. हे कसं सुचलं, असं मुलं पत्रातून विचारत. ‘कल्पना’ एवढंच लिहून मी मोकळा होत असे. ते खोटं होतं. खरं सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वडील गडचिरोलीच्या पुढे जंगलखात्यात नाकेदार होते. आई वारली होती. नाकेदाराचा पोरगा म्हणून गावातली मुलं मला पाहिलं की गप्प होत. एक गोंड मुलगी तेवढी बोलली.

“दिवसभर बसून काय मोजून राह्यला बे? माशा?”

तिच्या घरची मोहाची पाच झाडं होती. कुठलं झाड कुणाचं, हे गावाला ठाऊक असे. टोकाचं तिनं मला दिलं. “हे तुह्यं. लवकर येत जा, नाईतर अस्वल फुलं खाऊन टाकते.” अस्वलाचा दरबार, खारींचे शिपाई, सगळं तिचंच. फुलं वेचता वेचता सांगायची.

फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळतात. आधी भोवती झाडून घ्यायचं, मग पेटवायचं. एके दिवशी सकाळी तिनं तिच्या झाडांखाली जाळला, विझवला आणि घरी गेली. दुपारी मी एकट्यानंच माझ्या झाडाखाली काडी लावली. झाडून घेतलं नव्हतं. आग सागाच्या नव्या रोपवनात शिरली.

“कोणी लावली?” वडिलांनी विचारलं.

मी तिचं नाव सांगितलं. तिच्या बापाला धरून नेलं. त्या घराला जंगल बंद झालं. पुढं वडिलांची बदली झाली.

म्हातारपणी पुस्तक घेऊन तिच्याकडे गेलो. तिला वाचता येत नव्हतं. मी अस्वलाचा दरबार सांगितला, तशी ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, “माह्या हातानं लय वाईट झालं बाबू. एखादी ठिणगी राह्यली असन. बाप माह्याशी मरेपर्यंत धड बोलला नाई.”

मी चहा प्यालो आणि निघालो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो, तर ती हयात नव्हती.

तुझी आग विझली होती. रोपवनात शिरली ती मी लावली होती. मला माफ कर.