तोंडानं रांधलेली वांगी

मी फार फुगवून सांगतो, असं हुबळीची अख्खी दाजीबानपेठ म्हणते. आमच्या दुकानात मी एका खणाची तारीफ करायला लागलो की लॅमिंग्टन रोडवरचे टांग्याचे घोडे कान टवकारत. तेव्हा पुढचं निम्मं करून वाचा. फक्त त्यात एक बाई येते, तिच्या हाताचं आणि तिच्या भुकेचं काही कमी करू नका.

हुबळी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, त्याच्या पुढच्या वर्षी माझी थोरली बहीण अक्का विधवा होऊन माहेरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. अन्न बंद. दुधाचा चमचा नेला तरी ओठ घट्ट. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर ही राहत नाही." समाचाराला येणाऱ्या बायका तर उशाशी बसून "आता जगून करायचं काय गं" असा सूर धरत, की धडधाकट माणसानंही तिरडी मागवावी.

हे डॉक्टर राहायचे देशपांडे नगर भागात; युरोपातले, गोरे, ज्यू. लढाईआधीच नाझींच्या हातून निसटून मुंबईला आणि तिथून इकडं आलेले. त्यांची बहीण मागं राहून नाझींच्या तावडीत सापडली होती. ती वाचली, तिला त्यांनी इकडं आणलं. तीच आमची बाई. एकदा ती डॉक्टरांबरोबर आली. अक्काची उशी नीट करताना तिची बाही वर सरकली आणि आईला निळे आकडे दिसले.

आमच्याकडं गोंदण म्हणजे मेल्यावरही बरोबर येणारा दागिना. आईनं कौतुकानं विचारलं, "माहेरी गोंदलं की सासरी?"

"छावणीत," बाई म्हणाली. तिचं मराठी हुबळीचंच, अर्धं कन्नड. "ज्यूंना मारायलाच बांधली होती. नाव पुसून आकडा दिला. पाणी दाखवून सूप म्हणायचे."

"मग जगलात कशावर?"

"स्वयंपाक केला. तोंडानं. एक म्हणायची, माझ्या केकला एवढं लोणी. दुसरी म्हणायची, एवढंसंच? सासू चिक्कट होती वाटतं. अशा भांडायचो, नुसत्या भांडायचो."

आपण मनात मांडे खाणाऱ्याला हसतो. आई हसली नाही. "भांडणाऱ्या सगळ्या वाचल्या?"

"नाही हो. वाचणं आमच्या हातात नव्हतं. पण मारणाऱ्यांना पाहिजे होतं तशी, नुसता आकडा होऊन, एकही मेली नाही."

मग ती अक्काच्या पाठीकडं वळली. "एण्णगाई, तुमची ती भरली वांगी, मला येते. वांगी उकडायची, फोडी करायच्या, वरून मसाला भुरभुरायचा."

अक्कानं पांघरूण डोक्यावर ओढलं. दुसऱ्या दिवशी बाई एकटीच आली आणि वांग्यांत तोंडानंच साखर घातली. तिसऱ्या दिवशी दूध.

"दूध?" भिंतीकडून आवाज आला. "देठ ठेवून चार चिरा द्यायच्या. आत दाण्याचं कूट, कारळं, तीळ, चिंच, गूळ. दूध म्हणे."

"गूळ भरपूर," बाई म्हणाली.

"बेतानं."

"भरपूर."

अक्का उठून बसली. बसल्याशिवाय भांडता येत नाही. तो आवाज धारवाडात ऐकू गेला. तिथल्या वकिलांनी खटला थांबवला म्हणतात. मग ती पेलाभर दूध घटाघटा प्यायली, कशासाठी, तर घसा ओला करून आणखी बोलायला.

आठवड्यानं भिंत धरत ती चुलीपाशी गेली. वांगी तेलात चुरचुरली. तिनं कढईतलं एक उचललं, फुंकलं आणि उभ्याउभ्या तोंडात टाकलं.

"अगं, देवाला नैवेद्य दाखवायचाय अजून," आई म्हणाली.

"थांबू दे त्याला," अक्का चावता चावता म्हणाली, आणि दुसरं उचललं.