माझ्या नावचे सोमवार

मूल हवं म्हणून मी उपाशी राहत होते. आज हे लिहितानासुद्धा माझी मलाच चीड येते, पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या गल्लीत यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसऱ्या खेपेला पाचव्यात. पहिलं गेलं तेव्हा मावशीने सोमवार धरायला लावले. दुसरं गेलं तेव्हा शेजारच्या काकू गुरुवार घेऊन आल्या. शनिवार कुणी सुचवला ते आठवत नाही, बहुतेक माझा मीच. वर चतुर्थी आणि एकादशी होत्याच. निम्मा आठवडा साबुदाणा, भगर आणि चहा. उरलेल्या दिवशी भूकच मेलेली असायची.

अंगात त्राण नव्हतं. नळावरून बादली आणली की मध्येच खाली ठेवावी लागे, चार पायऱ्या चढले की धाप लागे. मला वाटायचं, दुःखाने होत असेल.

शेवटी एका मैत्रिणीने हाताला धरून मला शहरातल्या सदर भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई ठेंगण्या, केस पांढरे, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि सगळंच्या सगळं रागीट. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "खाती कब हो?"

मी खरं ते सांगितलं. "मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. "अरे बाबा, बच्चा क्या हवा से बनेगा? त्याची हाडं, त्याचं रक्त, सगळं तुझ्यातूनच जाणार ना? तुझ्यात आहे काय द्यायला?"

मग त्यांनी मला फैलावर घेतलं. चार महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, आधी रक्त भरायचं. रोज पालेभाजी, रोज डाळ, मूग-मटकी मोड आणून. जेवताना लिंबू पिळायचं, नाहीतर वर एक संत्रं खायचं, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, चहा ते लोह अडवून धरतो. आणि दोन गोळ्या. एक लोहाची, दुसरी फॉलिक ॲसिडची, इवलीशी पिवळी, मुगाच्या डाळीएवढी. ही पिवळी दिवस राहायच्या आधीपासूनच सुरू करायची, असं त्यांनी दोनदा बजावलं.

"आधीची दोन यामुळेच गेली का हो?" मी विचारलं.

"छातीठोक नहीं बोल सकती," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पण पाप वगैरे काही नाही, समजली? उपास बंद."

मी बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या पिवळ्या गोळ्यांकडे पाहत राहिले. चार वर्षांत माझ्या ग्रहांविषयी, माझ्या पायगुणाविषयी सगळे बोलले होते. मी काय खाते हे कुणी विचारलंच नव्हतं. अख्खं माणूस घडवायचं काम आपल्या पोटात चालतं आणि त्याला सामान लागतं, हे मला, मॅट्रिक झालेल्या बाईला, त्या दिवशी कळलं.

पण घरी सांगायची काय टाप होती माझी! सासूबाई कळमेश्वरकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आलेल्या. जन्मभर शेतात राबलेल्या, उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलणं असं की भांडीवालीसुद्धा दबकून असायची. माझे उपास त्यांनी सांगितले नव्हते, पण त्या ते मोजत असणार, याची मला खात्री होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईले विचारून घे." झालं! मी गोळ्या पावडरच्या डब्यात लपवल्या आणि उपासाच्या दिवशी चोरून खायचं ठरवलं.

दोन आठवडे निभावलं. तिसऱ्या सोमवारी दुपारी सासूबाई झोपल्यात असं समजून मी गव्हाच्या कोठीमागे उभी राहून ज्वारीची भाकर आणि चवळीची भाजी खात होते. घास तोंडात, आणि त्या समोर.

"काय करून राहिली वं?"

मी रडायलाच लागले. तोंडातला घास गिळवेना आणि टाकवेना. तशीच सगळं सांगत सुटले. डॉक्टरीणबाई, पापणी, गोळ्या, चहा, सगळं. सोमवार मोडला, आता देव कोपला तर तिसरंही जाईल, हेही बोलून गेले. खरी भीती तीच होती. खाल्लं नाही तर मूल टिकणार नाही, आणि खाल्लं तर देव टिकू देणार नाही. करू तरी काय?

सासूबाईंनी माझ्या हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रक्त नाही म्हणे?"

"नाही म्हणे."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमची भीती वाटली."

त्या खाली बसल्या. माझ्याकडे पाहिनात. "आधी ते भाकर संपव," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळात नेलं. मला वाटलं, आता प्रायश्चित्त. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि पिंडीसमोर, वाण्याशी बोलावं तशा मोकळ्या आवाजात बोलल्या, "हे पाह्य देवा. इच्या नावचे जेवढे उपास हायेत ना, ते आजपासून मी करतो. इच्याच नावानं करतो. लेकरू होईपर्यंत करतो. इले खाऊ दे. काही कमी-जास्त झालं तं मले धर, इले नको धरू." आणि पाणी सोडलं.

मी थक्क झाले. देवाशी असं बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं. असं कुणाचं ओझं उचलता येतं, हेही नाही. वाटेत मी म्हटलं, "आई, तुमची तब्येत?"

"माह्या पोटी आता काय जनमणार हाय?" त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार सासूबाई संध्याकाळी एकदा भगर खायच्या, बस. आणि त्याच दिवशी सकाळी स्वतः भाजी निवडायच्या. पालक, अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला. फोडणी स्वतः द्यायच्या, वास घ्यायच्या, चव मात्र मला घ्यायला लावायच्या. मी जेवेपर्यंत समोर बसायच्या. मला लाज वाटून घास अडायचा. अर्धी भाकर ठेवून उठायला लागले की ओरडायच्या, "माह्या उपासाले बट्टा लावतं का वं?" जेवणानंतर चहाची तलफ यायची, तर संत्रं सोलून हातात. चहाचं पातेलंच लपवून ठेवलं होतं!

तिसऱ्या महिन्यात मी बादली न थांबता घरात आणली आणि दारात उभी राहून माझ्याच हाताकडे पाहिलं. तळवे गुलाबी झाले होते. पाल्याचं, डाळीचं हे असं रक्त होतं! माझ्याच अंगात चाललेली ही जादू मी बावळटासारखी पाहत राहिले.

चार महिने झाले, डॉक्टरीणबाईंनी हिरवा कंदील दिला, आणि पुढे दिवस राहिले. तिसरा महिना गेला. पाचवा लागला तेव्हा मी रोज सकाळी उठायला घाबरायचे. तोही गेला. सासूबाई मला काही विचारायच्या नाहीत, पण त्यांचं लुगडं कमरेवर सैल झालेलं मला दिसायचं. एकदा मी म्हटलं, आता एखादा वार सोडा. त्या म्हणाल्या, "सौदा झाला तो झाला."

मुलगी झाली. सोमवारी, दुपारी. दवाखान्यात माझ्यापुढे मुगाच्या खिचडीचं ताट ठेवलं होतं, दोन-चार घास खाऊन मी आडवी झाले होते. सासूबाई आत आल्या. मुलीला पाहिलं, मग माझ्याकडे बोट करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "इच्या अंगात रक्त हाय ना?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग सासूबाई माझ्या खाटेजवळ आल्या आणि उभ्याच राहिल्या. ज्या बाईने जन्मात कुणाची परवानगी घेतली नव्हती, ती हात जोडल्यासारखी उभी होती.

"उपास तुह्या नावचे हायेत," त्या म्हणाल्या. "तूच सांग. सोडू का?"

"सोडा आई. जेवा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. माझं उष्टं ताट पुढे ओढलं, जमिनीवर बसल्या, आणि सुनेच्या ताटातली ती गार खिचडी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.