मिठावर चिखल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, एवढंच ना? — आणि मी सुटलो असतो. मला सुटायचं नव्हतं की सांगायची लाज वाटत होती? दोन्ही असेल. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी वसईत बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर वाचनालयातल्या रविवार सकाळच्या बैठकीला जाऊ लागलो. विज्ञानकथा लिहिणारी पाच-सहा माणसं. रीत अशी, की कुणी दूरच्या ग्रहावर राज्य उभं केलं की हस्तलिखित आधी माझ्याकडे यायचं. माणसांच्या इतिहासात असं राज्य टिकलं असतं का, ते मी बघायचो. पटलं नाही की समासात लाल पेनाने लिहायचो — ‘आधार?’ त्या एका शब्दाला लोक घाबरायचे, आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं.

मीही लिहीत होतो बरं का. वीस वर्षं एकच कादंबरी. काळी यानं, जळणारी शहरं, खदाखदा हसणारा सम्राट. बैठकीत वाचून दाखवली तेव्हा सगळे ‘छान’ म्हणाले आणि चहा मागवला. समजलात ना.

मग सायली आली. माझीच विद्यार्थिनी, नववीत मागच्या बाकावर बसायची. आता नालासोपाऱ्याला औषधांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या कागदांवर तिने अख्खी कादंबरी लिहिली होती. तिच्या ग्रहावर सगळं पाणी साम्राज्याचं. पहाटे दगडांवर दव साचतं, तेही साम्राज्याचं. ते कुणी टिपून घेऊ नये म्हणून त्यावर राख टाकायला एक माणूस नेमलेला — आणि तो त्याच वस्तीतला. शेजारणीच्या दारातल्या दवावर राख टाकतो आणि जाता जाता विचारतो, पोराचा ताप उतरला का? सम्राट पुस्तकभर कुठे दिसतच नाही.

एका दमात वाचलं. आणि माझ्या पोटात दुखलं. कारण तो राखवाला माझ्या घरातला होता.

माझे आजोबा इंग्रजांच्या मीठखात्यात शिपाई होते. खाडीकाठच्या खळग्यांत उन्हाने आपसूक मीठ जमायचं. ते गावाने उचलू नये म्हणून आजोबा त्यावर चिखल टाकायचे. आमच्याच गावात, आमच्याच भावकीच्या डोळ्यांदेखत. वडील जेवताना कधीतरी सांगायचे, “वाईट मानूस नव्हता रं तो. चिखल टाकी, नि कोनाचं पोर आजारी, ते बी इचारी.”

म्हणजे आधार माझ्या ताटात वाढलेला होता, लहानपणापासून! आणि मी काय लिहिलं? खदाखदा हसणारा सम्राट. ही कालची पोर, खाडीवरचं मीठ कधी हातात न घेतलेली — हिला कुठून सुचलं? माझ्या आजोबांपर्यंत ही माझ्याआधी कशी पोचली? माझा असा जळफळाट झाला की दोन दिवस मी तिच्या कागदांना हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी लाल पेन काढलं. जिथे जिथे राख, तिथे तिथे लिहिलं — आधार? आधार? शेवटच्या पानावर सविस्तर शेरा. ‘दुष्ट साम्राज्ये दहशतीवर चालतात. शेजारी असे वागत नाहीत. इतिहासात दाखला नाही. सम्राटाला पुढे आणावे.’ अक्षर कसं, फळ्यावरच्यासारखं सुवाच्य.

वाटलं होतं, वाद घालेल. घातला असता तर कदाचित मी — जाऊ दे. “सर, तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच,” एवढंच म्हणाली. चार महिने खपून तिने राखवाला काढला आणि सम्राट आणला. तोही खदाखदा हसत होता. प्रकाशकाने परत पाठवताना कळवलं की खलनायक पोरकट आहे. मला वाईट वाटलं का? त्या दिवशी मी बाजारातून जिलबी आणली. बायकोने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, सहज.

त्यानंतर सायली बैठकीला येईनाशी झाली. लिहिणंही सोडलं, असं कुणीतरी सांगितलं.

इथे तरी थांबावं की नाही माणसाने? गेल्या वर्षी वसईजवळच्या निर्मळ गावी मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच सुचवला — कथांमधली दुष्ट साम्राज्यं खरी कधी वाटतात. आणि तिथे मी आजोबा सांगितले. मीठ, चिखल, आजारी पोर, सगळं. साम्राज्य सम्राट चालवत नाही, म्हणालो, शेजारी चालवतो. मग टाळ्या. तशा टाळ्या मला जन्मात कधी मिळाल्या नव्हत्या.

तिसऱ्या रांगेत सायली बसली होती. वहीत उतरवून घेत होती.

कार्यक्रम संपल्यावर पुढे आली. रागावलेली नव्हती — रागावली असती तर बरं झालं असतं. “सर,” तिने विचारलं, “म्हणजे माझा राखवाला चालला असता का?”

हो म्हणायचं होतं फक्त. माझ्या हातात नारळ, खांद्यावर शाल, शेजारी आयोजक उभे.

“तुझं वेगळं होतं,” मी म्हणालो. आणि मग, तिने आणखी काही विचारू नये म्हणून, अगदी मायेने विचारलं, “आई बरी आहे ना गं?”

“बरी आहे, सर,” ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.